तीन वाजताचं पाणी

वर्षानुवर्षं मी एका तलावाचं पाणी दुपारी तीन वाजता भरत आलो, आणि मुद्दाम तीन वाजता भरत आलो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. ज्यांच्या हाताखाली काम करतो त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांना ठाऊक होतं.

ऐकणाऱ्याला यात कबूल करण्यासारखं काय आहे तेही कळायचं नाही. तीनला भरलं, मग काय चारला भरायला हवं होतं? नाही. पहाटे भरायला हवं होतं. तेवढ्या फरकात एक तलाव मेला आणि एका माणसाच्या कपाळावर मासे मारल्याचा शिक्का बसला. शिक्का सरकारी ऑफिसचा आहे, शाई माझी.

मी केमिस्ट आहे. ग्वाल्हेरात केमिस्ट म्हटलं की लोक डॉक्टरची चिठ्ठी पुढे करतात, म्हणून सांगतो, मी पाणी तपासतो. इंदरगंजात दुसऱ्या मजल्यावर आमची खासगी लॅब आहे, खाली झेरॉक्सवाला. घर शिंदे की छावनीत, स्कूटरवर दहा मिनिटं. पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आले. तलवारी गेल्या, हुकूम पाळायची सवय राहिली, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या इतकी मुरली की हुकूम सुटायच्या आधीच आम्हाला ऐकू येतो. घरात याला शिस्त म्हणतात. मी लहानपणापासून फार शिस्तीचा.

तलाव शहराच्या कडेला. नाव लिहीत नाही. त्यात दोन नाले येतात. एक सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटमधून फिरून येतो. प्लांटची यंत्रं पाहुणे यायचे असले की चालतात. दुसरा कुणाच्याही मध्यस्थीशिवाय सरळ येतो. त्यात डेअऱ्यांचं शेण, धोबीघाटाचा साबण, भांड्यांना मुलामा चढवणाऱ्या कारखान्यांचं अॅसिड, आणि तुमच्या-माझ्या संडासांचं जे काय असतं ते सगळं. मी 'तुमच्या-माझ्या' म्हणालो ते सहज नाही. माझ्या घराचं पाणीसुद्धा कुठल्या तरी नाल्याला लागतं. आपण बटण दाबतो, खळखळ आवाज होतो, आणि आपल्या दृष्टीने गोष्ट संपते.

ती तिथे सुरू होते. सांडपाणी म्हणजे शेवाळाला मेजवानी. साबण आणि मैला खाऊन तलाव हिरवा होतो, पालकाच्या भाजीसारखा दाट हिरवा. दिवसा ऊन असलं की हे शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं, आणि दुपारी तीनच्या सुमाराला पाणी प्राणवायूने नुसतं फसफसत असतं. सूर्य गेला की तेच शेवाळ, आणि तळात कुजणारी घाण, दोघं मिळून तो रात्रभर पिऊन टाकतात. पहाटे उजाडायच्या आधी माशांसाठी काही उरत नाही. ही काही गुप्त विद्या नाही, बी.एस्सी.च्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण पोराला रिपोर्टवर सही करायची नसते.

पाण्यात प्राणवायू आहे की नाही हे बघायची एक जुनी रीत आहे. काचेच्या बुचाच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरायचं, एकही बुडबुडा ठेवायचा नाही. मग तलावाच्या काठावरच दोन औषधं घालायची आणि बूच लावून बाटली उलटीपालटी करायची. आत गाळासारखा साका धरतो. साका बदामी, तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे. जितका गडद तितका जास्त. साका पांढराशुभ्र राहिला तर काही नाही. पांढरा म्हणजे मेलेलं पाणी. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते वेळेवर उच्चारता आलं नाही.

सुरुवातीला मी नमुने सकाळी सातला घ्यायचो. साका जेमतेम पिवळट व्हायचा. मी आकडे जसेच्या तसे लिहिले. दुसऱ्या महिन्यात लॅब चालवणाऱ्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सर आपल्यातलेच, मराठी, शिकलेले, आवाज कधी चढत नाही.

"भाऊ, पाणी कधी भरता तुम्ही?"

"सकाळी सातला, सर."

"अरेरे, इतक्या सकाळी कशाला उठता? दुपारी भरून बघा. तीनच्या सुमाराला." त्यांनी चष्मा पुसला. "उजेड छान असतो."

बस. एवढंच. त्या वाक्यावर तुम्ही कुठल्याही कोर्टात बोट ठेवू शकणार नाही. मी "हो सर" म्हणालो. त्या दिवसापासून बाटली तीनला भरत गेलो आणि साका दर वेळी असा तपकिरी, की बघत राहावं. रिपोर्टात वेळेचा रकाना असतो, त्यात मी दर वेळी 'दुपारी ३' असं खरं लिहिलं. इतक्या वर्षांत माझ्या एकाही रिपोर्टात खोटा आकडा नाही. याचा मला कित्येक दिवस अभिमान होता. आज त्या अभिमानाची किळस येते.

माझ्या रिपोर्टाच्या जोरावर प्लांटच्या ठेकेदाराला सरकारी ऑफिसातून दर वर्षी 'अनापत्ति' मिळायची. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. अनापत्ति म्हणजे आमची हरकत नाही. माझी बायको साताऱ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला माझ्या बॅगेत असला एक कागद सापडला.

"अहो, हे काय? अनापत्ती? म्हणजे आपत्ती येणार नाही असं तुम्ही लिहून देता?"

"तसंच काहीसं."

"बाई बाई! मग तर देवासारखंच काम आहे की तुमचं."

ती हसली, मीही हसलो. पुढे हा आमच्या घरातला विनोदच होऊन बसला. मी बॅग उचलली की ती म्हणायची, "निघाले, आपत्ती टाळायला." मुलगी बोलायला लागली तशी तीही म्हणायची. मी हसायचो.

आता दद्दा. इकडे थोरल्या भावाला, वडीलधाऱ्याला दद्दा म्हणतात. तलावाचे मासे ज्याच्याकडे होते त्या म्हाताऱ्याला सगळेच दद्दा म्हणायचे, मीही. तलावात मासे पाळायचा पट्टा त्याच्या सोसायटीच्या नावावर होता, आणि सोसायटी म्हणजे कागदावर पंचवीस माणसं आणि पाण्यात तो आणि त्याची बायको. त्याला अक्षर जेमतेम यायचं. पण तलाव तो असा वाचायचा की आमच्या लॅबने त्याच्यापुढे पाटी घेऊन बसावं.

मी तीनला जायचो तेव्हा तो बाभळीखाली जाळं शिवत असायचा. मराठी माणूस म्हणून मला भाऊसाब म्हणायचा.

"आओ भाऊसाब. भर लो अपनी सीसी. आज फिर पास हो जाएगा तलाव?"

"हो जाएगा दद्दा."

"हमाए मोड़ा-मोड़ी कभी पास नईं हुए, जे तलाव हर महीने पास हो रओ है."

मोड़ा-मोड़ी म्हणजे त्याची मुलंबाळं. तो खो खो हसायचा. मग सांगायचा. आधी घोंघे गेले. काठच्या दगडांना चिकटलेल्या गोगलगायी एका उन्हाळ्यात सगळ्या रिकाम्या शंखांच्या झाल्या. मग चतुर गेले, ज्यांना तो हेलिकॉप्टर म्हणायचा. त्यांची पिल्लं पाण्यात वाढतात, ती दिसेनात. मग झिंगे. मग बेडकांची ओरड थांबली. "रात को इत्ती सांती है भाऊसाब कि नींद नईं आती." रोहूच्या मादीच्या पोटातली अंडी कडक, दाणेदार निघायला लागली. काही पिल्लं कण्यात वाकडी. कल्ले उचलून बघितले तर लाल नाहीत, तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखे. तळातला चिखल काढला की त्यात नुसत्या लाल, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत. "बस जे बचे हैं. इनको कछु नईं होता. इनको तो गंदगी ही चाहिए."

मला यातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण ठाऊक होतं. कल्ले तपकिरी का होतात, अमोनियाने ते कसे भाजतात, कारखान्यांच्या पाण्यातला धातू माशाच्या काळजात कसा साठतो, लाल अळ्याच का उरतात. सगळं पाठ होतं, वर्गात पहिला यायचो मी. आणि मी म्हणायचो, "हाँ दद्दा, मौसम बदल गया है."

मौसम! नाला दिवसरात्र माझ्या डोळ्यांसमोर ओतत होता आणि मी मौसमाला धरून आणलं.

तो मला दर खेपेला एक मासा द्यायचा. टोपी बाजारातून मी नमुन्याच्या बाटल्यांसाठी एक जाड कापडी पिशवी आणली होती. मी नको-नको म्हणत असताना तो त्यातच मासा कोंबायचा. आमच्या घरात मासे खातात. पहिले काही महिने खाल्ले. मग एकदा दुसऱ्याच कामासाठी त्या तलावाच्या माशाचं काळीज आमच्या यंत्रात घातलं, आणि धातूचा आकडा बघून मी यंत्र बंद केलं. त्यानंतर तो मासा घरी गेला नाही. लॅबच्या मागच्या गल्लीत मांजरं होती. दद्दाला सांगितलं, "युरिक एसिड बढ़ गया है, डॉक्टर ने मछली बंद कर दी है." तो हळहळला. बायकोने विचारलं, तर तिलाही तेच. आणि दद्दाच्या घरात मात्र त्याच तलावाचा मासा रोज शिजत होता. मी मांजरांना घातला तो दिवस त्याच्या चुलीपाशीही त्याच माशाचा दिवस होता. त्याला सांगायला एक मिनिट लागलं असतं. मी त्याला माझं युरिक अॅसिड सांगितलं.

आणि मग ती पहाट.

गणपती उठून गेले होते. दोन दिवस आभाळ भरलेलं, पाऊस नाही, वारा नाही, पान हलत नव्हतं. असल्या दिवशी ऊन नसतं म्हणून शेवाळ काही देत नाही, आणि पिणं मात्र चालूच असतं. दद्दाचा फोन साडेचारला आला.

"भाऊसाब, मछरियाँ ऊपर आ रई हैं. सगरी. तुम आ जाओ, देख लो का हो गओ."

का गेलो? ते मला आजही नीट सांगता येत नाही. बाटल्या आणि औषधं घरीच होती. बायकोला 'काम आहे' म्हटलं आणि निघालो.

अंधार फिटत होता. आधी आवाज आला. चप चप चप, असा ओला आवाज, सगळ्या तलावभर, जणू शेकडो माणसं एकदम मिटक्या मारत जेवतायत. मग दिसलं. पाण्यावर तोंडंच तोंडं. रोहू, कतला, मृगल, लहान-मोठे सगळे, उभे, तोंड पाण्याबाहेर काढून हवेचे घोट घेत होते. मासा हवेत श्वास घेऊ शकत नाही. तरी घेत होते. माझ्या पायाशी एक हातभर कतला काठाला टेकून उघड-मीट, उघड-मीट करत होता, आणि माझ्याकडे बघत होता असं मी म्हणणार नाही, कारण तो कुणाकडेच बघत नव्हता.

दद्दा आणि त्याची बायको कमरेएवढ्या पाण्यात बांबूने पाणी झोडपत होते. त्यांच्या बापजाद्यांची रीत. पाणी झोडलं की हवा मिसळते. दोघंही साठीच्या पुढचे. तलाव केवढा, ते केवढे.

"भाऊसाब, हवा कम है कि कछु बीमारी है?" तो ओरडला. "हवा कम है तो साले को फोन करके इंजन मँगा लूँ? पंप से पानी उछाल देंगे, घंटे भर में आ जाएगा! बीमारी है तो दवाई डालूँ!"

मी बाटली भरली. दोन्ही औषधं घातली. बूच लावलं, उलटीपालटी केली. रीत चुकली नाही. साका धरायला लागला. बर्फासारखा पांढरा. बदामी झाक शोधायला मी बाटली आभाळाकडे धरली. नव्हती.

दद्दा पाण्यातून चिखल तुडवत आला. माझ्या खांद्यावरून बाटलीकडे बघितलं. सात वर्षं त्याने माझ्या हातात फक्त तपकिरी, गढूळ साका बघितला होता. त्याने आयुष्यात जे जे शुद्ध बघितलं ते पांढरं असतं, दूध, चुना, धुतलेलं धोतर. त्याचा चेहरा उजळला.

"अरे, सफेद! माने साफ है न? पानी ठीक है?"

मी मान हलवली. वरून खाली. एकदा.

त्या क्षणी माझ्या डोक्यात तलाव नव्हता, मासे नव्हते. डोक्यात होतं हे, की मी पहाटे इथे आलोय हे सरांना कळलं तर? हा पांढरा साका कागदावर आला, तर सात वर्षांच्या तपकिरी साक्यांचं काय? प्लांटचं काय? माझ्या सहीचं काय? एवढा सगळा विचार एका मानेच्या हेलकाव्यात मावतो.  मला बोलून खोटं सांगता येत नाही, शिस्तीतला माणूस ना मी.

"फिर बीमारी है," दद्दा म्हणाला, आणि बायकोला हाक मारली, "निकर आ! पानी ठीक है, बीमारी है. लाल दवा लाओ!"

बांबू थांबले. इंजिनाचा फोन झाला नाही. खोपटातून लाल दवेचे डबे आले, तळ्यात टाकतात ती जांभळी पूड, आणि दोघांनी ती बादल्यांत कालवून जिथे जिथे तोंडं दिसत होती तिथे तिथे ओतली. मी बाटली ओतून टाकली, धुतली, पिशवीत ठेवली. सूर्य उगवायच्या आत आवाज कमी कमी होत गेला. मग थांबला.

त्याच दिवशी दुपारी तीनला मी परत गेलो. महिन्याचा नमुना होता. आभाळ उघडलं होतं. मेलेल्या माशांचा पांढरा काठ बाजूला सारून मी बाटली बुडवली. साका आला तपकिरी. मी आकडा लिहिला, 'दुपारी ३' लिहिलं, सही केली.

शिव्या द्यायच्या असतील तर इथे द्या. मी रोज देतो.

अनापत्ति देणाऱ्या त्याच ऑफिसात चौकशी बसली. पाण्याचा रिपोर्ट ठीक. काठावर लाल दवेचे रिकामे डबे, दगडांवर जांभळे डाग, फोटो काढलेले. दद्दाने अर्ज दिला होता, कुणाकडून तरी लिहवून घेतलेला: 'महोदय, मुझे इस रिपोर्ट पर आपत्ति है.' ऑफिसच्या बाकावर तो कागद माझ्या हातात आला, आणि माझ्या मराठी डोळ्यांनी तो मराठीत वाचला. आपत्ती आहे. खरंच होतं. दोन्ही भाषांत खरं होतं.

चौकशीच्या साहेबांनी दद्दाला विचारलं, दवा का टाकली? दद्दा म्हणाला, "साब, पानी तो ठीक था. सबेरे भाऊसाब आए थे, इनने बोतल में देखा. सफेद निकला. पूछ लो."

साहेब माझ्याकडे वळले. "सुबह का कोई सैंपल है आपके पास?"

मी म्हणालो, "रिकॉर्ड में नहीं है, सर."

हेही खरंच. बघा, किती खरं बोलतो मी.

दद्दाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा ओरडेल. माझी इच्छा होती की ओरडावं. पण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काही तरी उमगल्यासारखं झालं आणि तो ओशाळला. त्याला वाटलं, भाऊसाब बिचारे दोस्तीखातर, ऑफिसला न विचारता पहाटे आले होते, आणि मी भरसभेत त्यांना अडकवतोय.

"नईं साब," तो म्हणाला, "सबेरे कोई नईं आया. हम बूढ़े हैं, दिन गड़बड़ा गए. भाऊसाब दोपहर को ही आए थे."

एका माणसाने मला वाचवायला स्वतःचा एकुलता एक साक्षीदार स्वतःच्या हाताने पुसून टाकला. आणि मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसलो. निष्कर्ष लिहिला गेला: पट्टेदाराने बेजबाबदारपणे रसायन टाकल्यामुळे मत्स्यहानी. पट्टा गेला. सोसायटीने नाव काढलं. बाहेर पडताना सर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "छान सांभाळलंत, भाऊ." त्या वर्षीही अनापत्ति मिळाली.

मला राग कुणाचा येतो? सरांचा येतो, त्यांच्या त्या छान उजेडाचा येतो. ठेकेदाराचा येतो, ज्याची यंत्रं हार-तुरे आले की जागी होतात. साहेबांचा येतो, त्यांनी पहाटेचा नमुना आहे का एवढंच विचारलं, का नाही ते विचारलं नाही. या शहराचा येतो, इथली माणसं तलावावरून जाताना नाकाला रुमाल लावतात आणि रुमाल धुतलेलं पाणी त्याच तलावात सोडतात. पण हे सगळे राग मी सोयीने वापरतो, हे मला कळतं. बाटली माझ्या हातात होती, त्यांच्यापैकी कुणाच्याही नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलगी पुण्याहून आली. म्हणाली, "बाबा, आज मच्छी आणा ना, प्लीज. तुमचं वो युरिक अॅसिड वगैरे राहू दे, मला खायची आहे." मी मासळीच्या गल्लीत गेलो. थर्माकोलच्या खोक्यांत बर्फात आलेले परराज्यातले मासे. दुकानाच्या कडेला दगडावर एक म्हातारा खवले काढायला बसला होता. मी मासा पुढे केला, त्याने वर बघितलं.

"अरे भाऊसाब! युरिक एसिड ठीक हो गया?"

 तो खूश होता. नातवंडांचं विचारलं तर म्हणाला, बडा पास हो गया, तलाव की तरह. मग माझा मासा हातात घेतला, कल्ला उचलून मला दाखवला.

"देखो. बरफ की है, बासी है, पर लाल है. अपनी तो ताजी भी भूरी थी." खवले उडत होते, त्याच्या हातावर, माझ्या बुटांवर. मान खाली घालूनच तो म्हणाला, "एक बात पूछूँ? तुम तो पढ़े-लिखे हो. मन में लगी रहती है."

"पूछो दद्दा."

"वो लाल दवा… हमने जादा डाल दी थी का? हमई से मर गईं का?"

इतकी वर्षं. इतकी वर्षं हा माणूस रोज दुसऱ्यांचे मासे सोलतो आणि मनात हे धरून बसलाय, की आपण आपले मारले.

उत्तर अगदी छोटं होतं. गल्लीत गर्दी होती, पण सर नव्हते, साहेब नव्हते, रिकॉर्ड नव्हतं. कुणीही ऐकत नव्हतं. मी म्हणालो, "अब क्या दद्दा. पुरानी बात है."

"हाँ," तो म्हणाला, "सई बात है." मासा धुऊन पिशवीत घातला. टोपी बाजारातली तीच पिशवी.

घरी मुलगी ताटावर बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही का नाही घेत? आणि असे चुप का? तुमच्याकडून ना, एक शब्द निकलवायचा म्हणजे मुश्किल." बायको म्हणाली, "अगं, आपत्ती टाळतायत." दोघी हसल्या. मी ताटावरून उठलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या विनोदावर हसलो नाही. त्या दिवसापासून हे लिहितोय.

लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती टाळली तर हा सगळा कागद फुकट आहे. हे मी मराठीत लिहितोय. दद्दाला मराठी येत नाही. त्या ऑफिसात मराठी कुणी वाचत नाही. पुण्या-साताऱ्याकडचे लोक वाचतील, हळहळतील, आणि इथे ग्वाल्हेरात कुणालाही काही कळणार नाही. म्हणजे पुन्हा मी वेळ निवडली. पुन्हा उजेड छान असेल अशीच जागा शोधली. हेही तीन वाजताचंच पाणी आहे.

मी अजून त्याच लॅबमध्ये आहे. परवाही तीनला बाटली भरून आलो. तलावात आता मासे नाहीत, त्यामुळे माझ्या रिपोर्टाला खोटं पाडायला काही उरलेलं नाही.

मी दद्दाला एक उत्तर देणं लागतो, त्याच्या दगडासमोर बसून, त्याच्या भाषेत: नहीं दद्दा, तुमने नहीं मारीं, सफेद माने पानी मरा हुआ था, और मुझे मालूम था. आणि तेच वाक्य हिंदीत, तारीख, पहाटेची वेळ आणि माझी सही घालून, ज्या ऑफिसने त्याला दोषी ठरवलं त्या ऑफिसात देणं लागतो. दोन्ही अजून दिलेलं नाही.